जाळ्यातल्या शिशाची फौज

थांबा, बाकीचं सगळं राहू दे, शाळेचं आणि लग्नाचं नंतर लिहिते, हे आधी सांगायलाच हवं, कारण आज सकाळी नातीने टेबलावर प्लास्टिकचे सैनिक मांडले आणि मला विचारलं की आजी, तू कधी फौज केली होतीस का, आणि मी लगेच फोन हातात घेतला. इतक्या वर्षांनी. घाईत टाइप करतेय, चुका होतायत, समजून घ्या. हो, मी फौज केली होती. एकोणतीस जणांची. आणि त्या फौजेपायी जेवढी घाबरले तेवढी पुढे बाळंतपणातसुद्धा घाबरले नाही.

आमचं घर तारापूरच्या बाजूला किनाऱ्यावर, पुढे पडवी, मागे माड आणि चूल. बाबा होडीचा तांडेल, म्हणजे होडी त्याच्या शब्दावर चालायची. बरोबर धाकटा काका. तिसरा माणूस लखमा, डोंगराकडचा, भाताची कापणी झाली की यायचा आणि पुन्हा पेरणीच्या आधी घरी जायचा, तोवर आमच्या पडवीतच झोपायचा. आय टोपली घेऊन अणुशक्तीवाल्यांच्या कॉलनीत दारोदार मासळी विकायची आणि सुट्टीच्या दिवशी मी तिच्याबरोबर जायचे, सुक्या जवळ्याची पिशवी धरायला. तिथेच नंदिनी भेटली. माझ्याच वयाची, आठवीतली, तिची आई पापलेट घासाघीस न करता घ्यायची म्हणून आयला ते घर आवडायचं, आणि मला आवडायचं कारण तिथे गूळ घातलेला गरम शिरा मिळायचा आणि जेवायच्या टेबलावर लढाई चालायची.

नंदिनीचा मामा जहाजावर होता. त्याने तिला एक नियमांचं पुस्तक आणून दिलेलं, इंग्रजी, आणि प्लास्टिकच्या रोमन सैनिकांचा डबा. टेबलावर हिरवी चादर, चादरीखाली पुस्तकं ठेवून डोंगर केलेले, सापशिडीचे फासे, पट्टीने मोजून सैनिक पुढे सरकवायचे. प्रत्येक सैनिकाला गुण. दोघींनी दोनशे-दोनशे गुणांची फौज आणायची, त्यापेक्षा एकही जास्त नाही. भालेवाला महाग, वल्हेकरी स्वस्त, तिरंदाज मधला. मी पहिल्यांदा काय केलं, सगळे महागडे घेतले. हत्ती, चिलखतवाले, घोडेस्वार, जे जे पुस्तकात दिसलं ते. नंदिनी हसली नाही, ती कधी हसायची नाही, ती बाईंसारखी समजवायची. म्हणाली, ही फौज नाही, खिचडी आहे. एका ठिकाणची, एका काळातली माणसं पाहिजेत, ती एकमेकांना ओळखत असल्यासारखी दिसली पाहिजेत. आणि तोल पाहिजे. मारणारे हवेत तसे अडवणारे हवेत, लांबून सोडणारे हवेत, धावणारे हवेत. आणि एखादी गोष्ट कमी करायची असेल तर एका बाजूची काढू नको, सगळीकडून थोडं थोडं काढ, म्हणजे फौज लंगडी होत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, याच वाक्याने माझा घात केला.

मग मी आमच्या किनाऱ्याची फौज करायची ठरवली. मधे एक तांडेल. आठ वल्हेकरी. दहा बायका, पदर खोचलेल्या, हातात कोयता, कारण आमच्याकडच्या बायका पुरुषांपेक्षा जास्त भांडू शकतात हे मी रोज लिलावात बघत होते. चार भालेवाले. आणि डोंगरातून मदतीला आलेले सहा तिरंदाज. तिरंदाज कसा उभा राहतो ते लखमाने दाखवलं होतं, पडवीच्या पायरीवर, वेताची काठी धरून. एक पाय पुढे, मान तिरकी, श्वास आत. मी विचारलं की तू खरंच कुणाला बाण मारलायस का, तर म्हणाला रानडुकराला मारला होता, लागला झाडाला. सगळं मिळून गुण बरोबर दोनशे. मी वहीच्या शेवटच्या पानावर ती बेरीज कितीतरी वेळा केली, प्रत्येक वेळी दोनशेच आले, आणि प्रत्येक वेळी तेवढाच आनंद झाला.

फौज कशाची केली विचाराल. समुद्रफेसाची. माकूल नावाच्या मासळीच्या पाठीतलं ते पांढरं, होडीच्या आकाराचं हाड असतं ना, आमच्या किनाऱ्यावर पडलेलंच असायचं. नखाने कोरलं जातं इतकं मऊ. मी पंधरा दिवस बसून एकोणतीस जण कोरले. नंदिनीकडे नेले, चादरीवर मांडले, तिने खिडकी उघडली आणि समुद्राचा वारा आला. सगळी फौज आडवी. नियम असा होता की पडलेला तो मेलेला. नंदिनीने पुस्तक पुढे केलं, म्हणजे दाखवायला, दुष्टपणाने नाही. तिचे रोमन उभेच. लढाई सुरू व्हायच्या आधी मी हरले होते.

पायाखाली वजन हवं होतं. आणि वजन आमच्या पडवीत टांगलेलं होतं.

पापलेटच्या, म्हणजे आमच्या सरंग्याच्या, जाळ्याला वरच्या दोरीला बोये असतात, ते तरंगतात, आणि खालच्या दोरीला शिशाचे मणी, मोठ्या बोराएवढे, चिरा पाडून दोरीवर ठोकून बसवलेले. वरचं वर ओढतं, खालचं खाली, म्हणून जाळं पाण्यात भिंतीसारखं उभं राहतं. दिवाळीनंतर बाबाने ते जाळं माळ्यावरून काढलं, काका आणि लखमाने आठ दिवस बसून फाटलेलं सांधलं आणि मग ते घड्या घालून पडवीतल्या बांबूवर टांगलं. माझी शाळा सकाळची. दुपारी आय कॉलनीत, बाबा आणि काका झोपलेले, लखमा खाडीवर होडीला डांबर लावायला. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन मण्याच्या चिरेत घालायचे आणि पिळायचे. मणी उघडायचा तेव्हा बारीक कुरकुर आवाज यायचा आणि मला वाटायचं हा आवाज आत बाबाच्या कानापर्यंत गेला. रोज आठ-नऊ. आणि नंदिनीने शिकवल्याप्रमाणे, एका बाजूचे काढले नाहीत. दर तिसरा काढला. मला खरंच वाटलं की असं केलं तर जाळ्याचा तोल राहील, समुद्राला कळणार नाही. मच्छीमाराची मुलगी मी, आणि जाळ्याला टेबलावरचा नियम लावला.

समुद्रफेसाचे साचे करतात हे मी बोईसरच्या सोनाराकडे पाहिलेलं. तो आमच्याकडून ती हाडं घ्यायचा, दोन तुकड्यांत अंगठी दाबायचा, ठसा उमटायचा आणि त्यात चांदी ओतायचा. मी हाडात माणसांच्या आकाराचे खळगे कोरले, मागच्या चुलीवर जुन्या लोखंडी पळीत शिसं वितळवलं, ओतलं. पहिल्यांदा साचा ओला होता तर शिसं उडून माझ्या फ्रॉकला भोक पडलं, तो फ्रॉक मी माडाच्या बुंध्याशी पुरला. (पोरांनो, हे घरी करू नका. तो धूर आठवला तरी आज घसा धरतो.) पण दुसऱ्यांदा साचा उन्हात वाळवून ओतलं आणि दोन तुकडे उघडले तेव्हा आत चकचकीत बाई उभी होती, कोयता वर केलेली. मी ती गालाला लावली, अजून गरम होती. वल्हेकरी, बायका, तिरंदाज यांना एकेक मणी. भालेवाल्यांना आणि तांडेलाला तीन-तीन. एकोणचाळीस मणी. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भाताचा पेंढा घालून ठेवली सगळी फौज. सामना रविवारी होता. रविवारी जिंकायचं, सोमवारी सगळं वितळवायचं, मणी करून परत ठोकायचे. चोरी नव्हतीच ती माझ्या मते. उसनवारी.

शुक्रवारी शाळेतून आले तर बांबू रिकामा.

मी पडवीत दप्तर घेऊन उभी. आय आत बोंबील भाजत होती, वास सगळ्या घरात, एरवी मी त्या वासावर धावत जायचे. विचारलं जाळं कुठं गेलं, तर म्हणाली सरंगा लागलाय बाहेर, उधाणाचं पाणी हाय, तू शाळेत गेलीस नि बाबा घेऊन गेला. मी भाकरी तशीच ठेवली. उधाणाची ओढ किती असते ते मला माहीत होतं. कितीतरी वेळा मी त्या बांबूकडे बघितलं, जणू बघत राहिलं तर जाळं परत तिथे येईल.

संध्याकाळी होडी लागली. लिलावाला बायका टोपल्या घेऊन उभ्याच होत्या. जाळं उतरवलं तेव्हा ते जाळं राहिलंच नव्हतं, पिळून ठेवलेल्या लुगड्यासारखं झालेलं, खालची दोरी वर येऊन वरच्या दोरीत गुंतलेली, मधे फाटून मोठी भगदाडं. मासे नावाला. बाबा होडीतून उतरला. वाळूत बसला आणि खालची दोरी हातातून एकेक वीत सरकवायला लागला, ओठ हलत होते. काकाला मात्र धीर नव्हता. तो उभ्यानेच मोठ्याने म्हणाला, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असा, "शिसं काढलंय कोनीतरी. पडवीत कोन झोपतो? आनि गुरुवारी बोईसरला कोन गेलता? भंगारवाला घेतो ना शिसं."

गुरुवारी लखमा गेला होता. सरावलीला त्याची बहीण राहायची, कारखान्यातल्या कामगारांच्या चाळीत, तिला भेटायला. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. तो होडीचा दोर गुंडाळत होता. एवढंच म्हणाला, "मी नाय घेतला." आणि दोर गुंडाळून पूर्ण केला. बाबा वाळूतूनच म्हणाला की खरं काय ते कळेपर्यंत तू होडीवर येऊ नको. ओरडला नाही, शिवी दिली नाही. लखमा पडवीतून आपलं गाठोडं घेऊन गेला. मी आयच्या मागे उभी होते, तिच्या पदराचं टोक माझ्या मुठीत. बोलायला तोंड उघडलं होतं मी, देवाशपथ उघडलं होतं. आवाजच आला नाही.

आता ते दिवस कसे सांगू. शनिवारी वाटलं, आज सांगते. पण बाबा जाळं सांधत बसलेला, त्याच्या सुईचा आवाज, सुर्र, सुर्र, आणि मला वाटलं त्याने मान वर केली तर माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं दिसेल. रविवारी नंदिनीला निरोप पाठवला की ताप आलाय, आणि खरंच अंग तापलं. डबा तांदळाच्या कणगीमागे होता. आय तांदूळ काढायला निघाली की मी आधी उठून तिच्या हातातलं माप घ्यायचे. जेवताना काका दोनदा म्हणाला की डोंगरातल्या माणसांवर भरोसा ठेवायची आपलीच चूक. आय म्हणाली तीन वर्षं तो माझ्या चुलीवरचं जेवलाय, भांडं इकडचं तिकडे झालं नाय.  मी भातात कालवण कालवत राहिले. मला मार खायची भीती नव्हती, बाबाने कधी हात लावला नव्हता. भीती ही होती की उद्यापासून बाबा मला बघेल तेव्हा ते जाळं बघेल.

सोमवारी मी एक पळवाट शोधली. घरी नको सांगायला, लखमालाच जाऊन सांगू. त्याला डबा देऊन टाकू, तो समजून घेईल, तोच बाबाला काहीतरी सांगेल. शाळेला म्हणून निघाले आणि एसटीत बसले. बोईसरला एकटी कधी उतरले नव्हते. स्टेशनापासून चालत सरावलीकडे, एका बाजूने कारखान्यांच्या भिंती, भोंगा झाला आणि पाळी सुटली, निळे शर्ट घातलेली माणसं एकदम रस्त्यावर, आणि मी उलट्या दिशेने, डबा छातीशी. डब्यात फौज खडखडत होती. एका पहारेकऱ्याने विचारलं, "किसको ढूँढ रही है, बेटी?" आणि मी पळाले. उगाच. तो चांगलाच माणूस असणार. लखमाची बहीण पिठाच्या गिरणीमागे राहते एवढं माहीत होतं. गिरणी सापडली, तिच्या मागे सहा दारं, तिसऱ्या दारात लखमा बसलेला, मेहुण्याची सायकल दुरुस्त करत.

मी डबा उघडून त्याच्यापुढे ठेवला आणि एका दमात सगळं बोलले. मणी, साचे, वारा, रविवार. रडायचं ठरवलं होतं पण रडू येईना. त्याने तेलकट हात फडक्याला पुसले आणि पेंढ्यातून एक तिरंदाज उचलला. उजेडात धरला. मग डब्यातल्या बाकीच्यांकडे बघितलं.

"सगले डावखुरे कशे?" म्हणाला.

मी बघितलं. खरंच. मी साच्यात सरळ कोरलेलं, ओतल्यावर उलटं निघालं. सगळ्या बायकांचे कोयते डाव्या हातात, सगळी धनुष्यं उलटी, आणि इतक्या दिवसांत मला दिसलं नव्हतं. क्षणभर मला हसू येणार असं वाटलं. त्याच्याकडे बघितलं तर तो हसत नव्हता. त्याने तिरंदाज परत ठेवला, झाकण लावलं आणि डबा माझ्याकडे सरकवला.

"मना नको सांगूस," तो म्हणाला. "मना ठावाच हाय मी नाय घेतला. माजा नाव जठं घेतला तठं सांग."

मी म्हटलं की मला भीती वाटते. तो म्हणाला, वाटू दे. आणि सायकलची चेन पुन्हा हातात घेतली. त्याची बहीण आतून पाणी घेऊन आली, मी ते प्यायले. बहिणीने विचारलं पोर कोणाची, तर त्याने तांडेलाची म्हणून सांगितलं, आणखी काही नाही. तिनेच मला एसटीपर्यंत सोडलं.

मंगळवारी संध्याकाळी लिलाव. मी डबा घेऊन वाळूत गेले. तीस-चाळीस माणसं असतील, बायका हातवारे करत भाव करतायत, कावळे, ओल्या दोऱ्यांचा वास.  बाबा होडीतून पाटी उतरवत होता. मी म्हटलं, शिसं मी काढलं. कोणालाच ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हटलं. जवळच्या म्हातारीला ऐकू गेलं, यमनामावशी आमची, तिने विचारलं काय काढलं गं. आणि मग आयने माझ्या हातातला डबा घेतला, उघडला, आत बघितलं. तिचा चेहरा कसा झाला ते मी लिहिणार नाही. ती उभी राहिली आणि मासळी विकताना काढते त्या आवाजात, सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "लखमानं नाय. माज्या पोरीनं काढलं शिसं."

लिलाव थांबला. कधी थांबत नाही तो. यमनामावशीने डब्यात हात घालून कोयतेवाली एक बाई काढली, डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाली, "ही मी काय गो? कंबर बारीक केलीस, बरं केलंस." दोघीतिघी हसल्या. मला कोणी हसलेलं नको होतं. बाबा पाटी खाली ठेवून माझ्यासमोर आला. त्याच्या पायांवर खवलं चिकटलेली, मी तिथेच बघत होते.

"किती?" त्याने विचारलं.

"एकोणचाळीस."

त्याने मान हलवली. त्याने दोरीवरच्या रिकाम्या जागा पहिल्याच दिवशी मोजलेल्या होत्या. आकडा जुळला, म्हणजे मी खोटं सांगत नव्हते, कोणाला वाचवत नव्हते. मग तो काकाकडे वळला. "नाव तू घेतलंस," म्हणाला. "सरावलीला तू जा." काकाने हातातला दोर खाली टाकला. तसाच ओल्या कपड्यांनी एसटीच्या रस्त्याला लागला. बाबाने स्वतः जायला हवं होतं असं आज मला वाटतं. होडीवर येऊ नको हे शब्द त्याचे होते. पण ते तेव्हा कोणी म्हटलं नाही.

फौज मी बुधवारी वितळवली, आय शेजारी बसलेली, चुलीत काटक्या सरकवत. मणी बाबाने ठोकले, दोरी मी धरली. नंदिनीशी सामना पुढच्या महिन्यात झाला, खिडक्या बंद करून, समुद्रफेसाच्याच माणसांनी. माझे तिरंदाज डोंगराच्या मागे अडकले आणि मी हरले, नंदिनी म्हणाली फौज चांगली होती, चाल चुकली. ते खरंच असेल.

लखमा परत आला. दोन दिवसांनी आला, पण आमच्या होडीवर नाही. शेजारच्या होडीच्या तांडेलाने त्याला बोलावलं होतं, तो तिकडे गेला. आयने त्याला जेवायला बोलावलं, त्याने हात जोडले आणि आला नाही. त्यानंतर जितकी वर्षं तो कापणीनंतर आमच्या किनाऱ्याला आला, तितकी वर्षं शेजारच्याच पडवीत झोपला. रस्त्यात दिसला की मी थांबायचे. तो मान हलवायचा, म्हणजे ओळख द्यायचा, आणि पुढे जायचा. रागाने नाही. मला वाटायचं कधीतरी थांबेल आणि मी विचारेन की आता तरी फिटलं का. विचारलं नाही. कशी विचारणार, त्याने मला सांगितलेलं ते मी केलं होतं, चार दिवस उशिरा.

नातीला मी आज म्हटलं की हो, फौज केली होती, आणि विषय बदलला. आणि लगेच इथे येऊन तुम्हाला सांगत बसले, कारण तुम्ही तरी सांगाल. तुमच्या बाबतीत झालंय का हो असं? केलं तुम्ही, नाव दुसऱ्याचं घेतलं गेलं, तुम्ही तिथेच उभे होतात आणि तोंड उघडून आवाज आला नाही? किती दिवस आला नाही? आणि तो माणूस नंतर तुमच्या पडवीत झोपला का?